दोधूचा फेटा, दोन अंकांत

गिरधरभाईंच्या छापखान्यात दर शुक्रवारी दोन साप्ताहिकं छापली जात, आणि ती एकमेकांना पाण्यात पाहत. ‘जागता पहारा’ चुनीलालशेठचं. शेठ कॉलेजच्या कमिटीचे अध्यक्ष. ‘परखड वाणी’ जालमसिंगबापूंचं. बापू त्याच कमिटीच्या निवडणुकीत सपाटून आपटलेले. छपाईच्या अक्षरांचे खिळे मात्र दोघांचेही एकटा लोटन जुळवायचा. सकाळी शेठच्या बाजूने बापूंना झोडपायचं आणि दुपारी भाकरी खाऊन बापूंच्या बाजूने शेठना. याचा त्याला कधी त्रास झाला नाही, कारण तो मजकूर जुळवायचा, वाचायचा नाही.

त्या आठवड्यात मात्र वाचावा लागला. मजकूर त्याच्या सख्ख्या भाच्याबद्दल होता.

भाचा म्हणजे रनाळ्याचा दोधू. कॉलेजच्या कुस्तीच्या संघात होता म्हणून वसतिगृहात फुकट राहत होता. ब्राह्मणपुरीच्या यात्रेत त्याने खांडबाऱ्याच्या पैलवानाला चीत केलं आणि रीतीप्रमाणे फेटा पसरून आखाड्याभोवती एक फेरी मारली. लोकांनी रीतीप्रमाणे त्यात नाणी टाकली. पण खेळून पैसे घेणारा विद्यार्थी संघात चालत नाही, असा कॉलेजचा नियम होता. संघ गेला की खोली जाणार, आणि खोली गेली की शिक्षण. कोणीतरी त्या फेरीचा फोटो काढला होता. गिरधरभाईंनी काटकसरीने त्याचा छपाईचा एकच ठोकळा करून घेतला आणि दोन्ही अंकांत वापरला.

‘जागता पहारा’त फोटोखाली होतं : ‘पैशाला चटावलेला खेळाडू. कसरत ही विकायची वस्तू आहे काय?’ ‘परखड वाणी’त होतं : ‘उपाशी खेळाडूवर भीक मागण्याची पाळी. कॉलेज खुराकाचे पैसे कधी देणार?’

लोटनची बहीण कमलबाई दोन्ही अंक घेऊन छापखान्यात आली. तिला अक्षरओळख नव्हती, पण पोराचा चेहरा ओळखता येत होता. लोटनने दोन्ही ओळी वाचून दाखवल्या.

“भाऊ, फोटो तं एकच शे,” ती म्हणाली. “मग एकमा मन्हा पोऱ्या लुच्चा अन् दुसरामा भिकारी कसा?”

“फोटो एकच शे, ताई. खालनी ओळ ज्यानी त्यानी.”

“अन् पोऱ्यानी त्या पैसास्नं काय करं, ते कोठे शे?”

ते कुठेच नव्हतं. दोधूला कोणी विचारलंच नव्हतं. लोटनने विचारलं.

“मामा, फेटा नई फिरावता तं लोके म्हनतात, हाऊ माजी गया,” दोधू म्हणाला. “अन् त्या खांडबारावालाना हात उतरना व्हता. हाडवैद्यले तो काय दिता? बठा, सगळा पैसा मी तेलेच दिधात.”

लोटनला भरून आलं. आणि भरून आलेल्या माणसाने खिळ्यांना हात लावू नये. पुढच्या शुक्रवारी दोन्ही अंकांत शेवटच्या रकान्याखाली दोन ओळींची जागा उरली. एरवी तिथे तो एखादं सुभाषित टाकी. या वेळी त्याने टाकलं : ‘ब्राह्मणपुरीचे सर्व पैसे दोधूने हरलेल्या पैलवानास उपचारासाठी दिले.’

शनिवारी चुनीलालशेठ आले. “लोटन, हाई ओळ कोनी टाकी?”

“मी टाकी, शेठ. खरं शे ते.”

“खरं शे म्हनीसनच कामनी शे,” शेठ म्हणाले आणि बसल्या जागी अग्रलेख लिहून दिला : ‘जिंकणारा हरणाऱ्याला पैसे देतो, म्हणजे कुस्ती ठरवलेली होती!’

पाठोपाठ बापू आले. त्यांना तर रडूच फुटायचं बाकी होतं. “उपाशी पोऱ्या पैसा वाटस का रे? तुन्हा भाचानी मन्हा अग्रलेख बुडाया!” त्यांनीही लिहून दिलं : ‘गरिबीचे सोंग उघडे पडले.’

दहा वर्षांत पहिल्यांदा दोन्ही साप्ताहिकांचं एकमत झालं. ते लोटनच्या एका खऱ्या ओळीने झालं. कमिटीनेही मग वेळ लावला नाही. दोधूला संघातून काढलं आणि खोली रिकामी करायला सांगितलं.

वळकटी घेऊन तो मामाकडे छापखान्यात आला. यंत्राचं मोठं चाक हाताने फिरवणारा माणूस गिरधरभाईंना महिनाभर मिळत नव्हता. त्यांनी दोधूचे दंड पाहिले.

“चाक फिरावशी का? रोज देसू.”

शुक्रवारी दोधू उघड्या अंगाने चाक फिरवत होता. तोंडाला शाई लागलेली. समोर ‘जागता पहारा’चे कागद पडत होते आणि प्रत्येकावर त्याचाच फोटो : ‘धंदेवाईक खेळाडूची अखेर हकालपट्टी’. ती बातमी लोटननेच जुळवली होती, आणि या वेळी त्याने स्वतःचं एक अक्षरही घातलं नव्हतं.

चुनीलालशेठ अंक न्यायला आले आणि कौतुकाने दाराशी थबकले.

“गिरधरभाई, गडी मोठा जोरदार शे,” शेठ म्हणाले. “एवढी ताकद कोनी स्वस्तमा देवाले नको. याले रोज बरा द्या.”

त्यांनी एक ताजा अंक उचलून फोटो पाहिला, घडी घातली आणि गठ्ठा बगलेत मारून ते गेले. दोधूने चाक थांबवलं नाही. जालमसिंगबापूंचा अंक अजून व्हायचा होता.