कोंबड्यांनी खाल्लेली आळी

शाळेच्या पटांगणात ग्रामसेविका प्रगतीने रांगोळीने गावाचा नकाशा काढला आणि दर घरामागे ज्वारीचा एक दाणा ठेवायला सांगितलं. नळयोजनेचा पहिला नळ जास्त घरं असतील तिथे बसणार होता.

सरपंच सोपानरावांनी आपल्या थोरल्या आळीवर चाळीस दाणे ठेवले.

"आप्पा, एवढी घरं?" प्रगतीने विचारलं.

"पोरांची लग्नं झाली की व्हत्याल. आन् गोठे धरायचे न्हाईत व्हय?"

ओढ्यापलीकडच्या धनगरवस्तीची जागा मात्र कोरीच होती.

"मेंढरांमागं फिरणारी मानसं ती," सोपानराव म्हणाले. "नकाशात बसवायची कुठं?"

"फिरायचं सोडून वीस वरसं झाली की!" वस्तीवरची साखरबाई पुढे आली. पाण्यासाठी ती रोज मैलभर चालायची. "द्या दाणं हिकडं."

"संपलं," सोपानरावांनी हात झटकले.

साखरबाईने एकोणीस खडे वेचून मांडले.

मग सगळे दौंडहून येणाऱ्या ओव्हरसियरला आणायला फाट्यावर गेले. परतले तोवर कोंबड्यांनी गाव खाल्लं होतं. वस्ती तेवढी उरली होती.

ओव्हरसियरने चष्मा लावला आणि दिसलं ते कागदावर उतरवलं. "वस्तीवर एकोणीस घरं. बाकी गाव निर्जन."

"निर्जन? सायेब, म्या हितं उभा हाय न्हवं!"

"तुम्ही आहात. घर दिसत नाही."

"कोंबड्यांनी खाल्लं!"

"तसं लिहून द्या. 'आमची आळी कोंबड्यांनी खाल्ली.' खाली सही, शिक्का."

सोपानरावांनी खिशातून शिक्का अर्धा बाहेर काढला आणि परत आत सारला.

शेवटी प्रगतीने तोडगा सुचवला. दर घरातल्या एका माणसाने नकाशावर आपापल्या जागी उभं राहायचं. कोंबड्या माणसं खात नाहीत.

सोपानरावांनी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. आळीत अकराजण उभे राहिले.

"आन् ही बारावी," म्हणत त्यांनी म्हैस ओढत आणली.

"म्हैस धरता येणार नाही, आप्पा."

"का? घरातलीच हाय!"

म्हशीने रांगोळीत शेण टाकलं. ओव्हरसियरने कागदावर तिथे तळं दाखवलं.

वस्तीच्या जागेवर एकोणीसजण खांद्याला खांदा लावून उभे होते. नळ वस्तीला मिळाला. ओव्हरसियरने सही केली तसे सोपानराव हळूच ओढ्याची रेघ ओलांडून साखरबाईशेजारी येऊन उभे राहिले.

"साखरबाई, ओढा म्हंजी तसा काय लई मोठा न्हाई. आमची आळी तुमच्या वस्तीतच धरा की."

साखरबाई जरा सरकली, त्यांना उभं राहण्यापुरती जागा केली.

"धरू की, आप्पा. तुमचा नंबर विसावा."