रांग लावणारा

कुठल्यातरी देशात लोकांनी राजवाड्यात घुसून सरकार उलथवलं अशी बातमी आली, की गंगाधरअण्णा चालती गिरणी बंद करतात. अर्धं दळण वर, अर्धं पीठ खाली, बाया ताटकळलेल्या, आणि अण्णा भुवयांवरचं पीठ झटकत विचारतात, "काहून झालं असंल बरं?"

मी सिरसाळ्यात बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. क्रांतीची कारणं फळ्यावर राजकीय, आर्थिक, सामाजिक असे तीन रकाने पाडून लिहून दिली. पोरं पेंगायची. अण्णा नववी नापास. पण त्यांच्यासमोरून लोक दळण झालं तरी हलत नाहीत. माझ्या पोटात दुखतं, उगीच खोटं कशाला बोलू. खुद्द माझी बायको दोन किलो ज्वारीला तासभर लावते आणि घरी येऊन मला हुकूमशाही समजावून सांगते. मला!

अण्णांचं जगाचं राजकारण गिरणीपुढच्या डब्यांवर चालतं. "डबे रांगेत हायेत तवर राज्य हाय," ते म्हणतात. "भाव भडकले, पीठ मिळंना, की रांग मोडती. ती क्रांती. मग मानसं भेतेत. म्हनतेत, एखादा दांडगा आना रांग लावाया. त्यो लावतो बी. पर पहिला डबा सोताचा ठिवतो. मग त्याला हटवनार कोन?"

मी एकदा मध्ये तोंड घातलं. म्हटलं, अण्णा, इतकं सोपं नसतं, रिकामी तिजोरी असते, फुटलेले पक्ष असतात, लष्कराची नाराजी असते. तर एक म्हातारी मलाच म्हणाली, "सर, जरा गप बसा, अण्णा सांगायलेत."

तरी मी रोज जायचो. दळण नसलं तरी. त्यांच्या चुका काढायला.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या भागाची डीपी जळाली. पाच दिवस लाईट नाही. सहाव्या दिवशी सकाळी आली आणि कुणीतरी आवई उठवली, दोन तासांत परत जाणार. झालं! अख्खा भाग डबे घेऊन गिरणीवर. मीही होतो. रांग मोडली, झाकणं उडाली, कुणाची ज्वारी कुणाच्या गव्हात सांडली.

"अण्णा, तुमीच ठरवा कुनाचं आधी," लोक म्हणायले. अण्णांनी हात जोडले. "मला न्हाई जमायचं ते."

"मग सरांना ठरवू द्या," मागून कुणीतरी म्हणालं.

इतक्या वर्षांत गिरणीवर माझं नाव पहिल्यांदाच निघालं होतं. मी कोपऱ्यातली लाकडी पट्टी उचलली. दहा मिनिटांत रांग सरळ. मध्ये बोलला त्याला मागं पाठवला. 'का' म्हणून विचारलं त्याला आणखी मागं. सगळे गप्प. काय सुख होतं म्हणून सांगू! आणि त्या सुखाच्या भरात मी आमचा डबा उचलून सगळ्यांच्या पुढं नेऊन ठेवला.

चाळीसेक माणसं आधी डब्याकडं बघायली, मग माझ्याकडं, मग अण्णांकडं. अण्णांनी आता नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. गावात तोंड दाखवायला मला जागा राहिली नसती.

अण्णांनी डबा उचलला. "सरांकडं पाव्हने आलेत," ते म्हणाले. "मीच म्हनलं व्हतं, पुढं ठिवा." आणि दळण टाकलं.

आमच्याकडं कुणीही आलेलं नव्हतं.

लाईट काही गेली नाही. दुपारी गर्दी पांगल्यावर मी परत गेलो. "खोटं कशाला बोललात?"

अण्णा गिरणी झाडत होते. "लोक हसले असते, तर तुमी उद्या आला नसता."

"मी नाही आलो तर तुमचं काय अडतंय? एवढे लोक ऐकतात की."

"ऐकतेत अन् जातेत, सर. माझं म्हननं खोडाया कुनी थांबत न्हाई." त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "बायको खोडायची. लई भांडायची. ती गेली तवापासून तुमीच हायत."

मी तिथंच पोत्यावर बसलो. लाज वाटत होती, आणि त्या लाजेतही हेवा वाटत होता. डबा त्यांचा असता आणि बोलायची पाळी माझी, तर मी त्यांना सोडलं नसतं.