टोकाजीशेठची पाणपोई आणि एक 'कै.'

एका जंगलात, बाळांनो, साळिंदराचं एक जोडपं राहत होतं. नवरा टोकाजीशेठ, बायको सुईबाई. दोघांचं मिळून एक दुकान होतं. मोहाची फुलं, बोरं, चारोळ्या, कंदमुळं, जे म्हणाल ते तिथं मिळायचं.

साळिंदराच्या अंगावर काटे असतात, हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. पण टोकाजीशेठचा सर्वांत धारदार काटा अंगावर नव्हता. तो तराजूला होता. असा सफाईनं काटा मारणारा त्या जंगलात दुसरा झाला नाही.

तरी गिऱ्हाईक यायचंच. कारण दुकानामागं झरा होता.

झरा कुणाचा? देवाचा. पण साळिंदराचे काटे गळतात, आणि शेठ काहीच वाया घालवत नसत. गळालेला एकेक काटा रोवून त्यांनी झऱ्याभोवती कुंपण केलं होतं. आत जायची वाट दुकानातून. जो काही विकत घेईल, त्याला पाणी अगदी फुकट.

"पाण्याचे पैसे घेणं पाप आहे," असं शेठ म्हणत, आणि बोरं तोलत.

अशी वर्षं गेली. शेठच्या मिशा पांढऱ्या झाल्या. मिशा पांढऱ्या झाल्या की व्यापाऱ्याला दानधर्म आठवतो. तुमच्या गावात असं होत नाही, हे मला ठाऊक आहे. मी जंगलातलं सांगतोय.

"अगं," शेठ म्हणाले, "आपल्यामागं आपलं नाव कोण घेणार?"

"आत्ताही घेतात की," सुईबाई बोरं निवडत म्हणाल्या. "दुकानाची पायरी उतरले की लगेच घेतात."

"तसं नव्हे. नाव राहायला पाहिजे."

"ठेवतायत ना लोक नावं. रोज नवीन ठेवतात. काल तो ससा तुम्हाला काय म्हणाला, सांगू?"

"नको," शेठ म्हणाले. "पाणपोई बांधू."

आणि बांधली. कुंपणाच्या बाहेर, अर्जुनाच्या झाडाखाली तीन रांजण मांडले. पाणी झऱ्याचंच. म्हणजे जंगलाचं पाणी कुंपणातून काढून जंगलालाच दान केलं. रांजण मात्र बेतानं लहान घेतले. सगळ्यांची सगळी तहान भागली, तर दुकानात कोण येणार?

आता राहिलं नाव. ते अर्जुनाच्या खोडावर कोरायचं ठरलं. पाटी चोरीला जाते, खोड कोण नेतंय?

जंगलात कोरीव काम एकटे ठोकेअण्णा करीत. जातीचे सुतारपक्षी. चोच पक्की, अक्षर सुरेख. पण हयातभर त्यांनी कोरली ती गेलेल्यांची नावं. जिवंतपणी दान करायची चाल त्या जंगलात नव्हतीच. मजकूर सांगून शेठ दुकानात गेले, अण्णांनी डोळे मिटून चोच चालवली, आणि खोडावर उमटलं:

'कै. टोकाजीशेठ व सौ. सुईबाई यांजकडून तहानलेल्यांस सप्रेम भेट.'

शेठ बघायला आले आणि त्यांच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले.

"अण्णा! हे 'कै.' कुठून आलं?"

"आलं होय?" अण्णांनी मान वाकडी करून पाहिलं. "शेठ, काय करणार, चोचीला वळणच तसं पडलंय. त्या अक्षराशिवाय तिला सुरुवातच करता येत नाही."

"मग खोडून टाका!"

"खोडावरचं कसं खोडायचं? भोक पडेल. आणि घाई कशाची? आज ना उद्या बरोबर ठरेलच की."

शेठ तणतणत घरी गेले, तोवर सशानं खोड वाचलं होतं. ससा वाचतो कमी आणि पळतो जास्त. दुपारपर्यंत सगळ्या जंगलाला कळलं की टोकाजीशेठ गेले. प्रेत कुठाय, असं कुणीही विचारलं नाही. झाडावर कोरलंय म्हटल्यावर प्रेत कशाला हवं?

दुकानापुढं गर्दी जमली. शेठ आतल्या बिळातून ओरडणार, इतक्यात त्यांच्या कानावर सशाचा आवाज आला.

"फार दिलदार हो! माझ्या पोरांना नेहमी वरून दोन बोरं जास्त घालायचे."

शेठ जागच्या जागी बसले. त्यांनी दोन बोरं कमी घातली होती, जास्त कधीच नाही. पण ऐकायला फार गोड लागत होतं.

"अहो," सुईबाई आत येऊन कुजबुजल्या, "बाहेर या ना. लोक रडतायत."

"रडू दे गं. जन्मात कुणी इतकं चांगलं बोललं नाही मला. शोकसभा होऊ दे, मग उठतो."

"आणि तोवर मी काय करू?"

"तू पण रड."

"मला नाही येत असं उगाच रडायला."

"कुणीतरी तराजू तपासायला आलंय, असं समज."

सुईबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

तशातही बिचारीनं एकदा प्रयत्न केला. पाणपोईसाठी लगोलग निघालेल्या समितीचे अध्यक्ष बगळेगुरुजी सांत्वनाला आले, तेव्हा पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "गुरुजी, त्या मजकुरात एक शब्द चुकलाय. तेवढा दुरुस्त करा."

गुरुजी भारावले. "एवढ्या दुःखात केवढी ही शुद्धलेखनाची चाड!"

ते एका पायावर झाडापुढं उभे राहिले. बराच वेळ राहिले. मग त्यांना चूक सापडली. नवरा 'कै.' असताना बायको 'सौ.' कशी? त्यांनी अण्णांना बोलावून 'सौ.' तासून घेतलं आणि त्या जागी 'श्रीमती' कोरायला लावलं. त्याला मात्र भोक पडलं नाही. मजकूर आता निर्दोष झाला.

इकडं दुकान धो धो चालू लागलं. सुईबाई काटा पहिल्यासारखाच मारत होत्या. पण आता तक्रार नव्हती. "बिचारीच्या डोळ्यांत पाणी," लोक म्हणत, "काटा दिसणार कसा?" समितीनं त्यांना मानाच्या पाटावर बसवलं. चाळीस वर्षांत त्यांना कुणी 'या, बसा' म्हटलं नव्हतं. आता सगळे 'माई' म्हणू लागले. बिळातून 'अगं, चहा' अशी हाक आली, की माईंच्या कपाळावर हलकीशी आठी पडू लागली.

शोकसभेचा दिवस उजाडला. अर्जुनाखाली सारं जंगल. शेठ करवंदीच्या जाळीत दडून बसले, कान टवकारून.

पहिला बोलला कोल्हा. "शेठनी आयुष्यात कधी काटा मारला नाही."

जाळीत शेठनी हळूच डोळे पुसले.

मग अस्वल बोललं, मग मोर बोलला. शेठ भाषणागणिक पुण्यवान होत गेले. शेवटी बगळेगुरुजी उभे राहिले. शोकसभेत शेवटी बोलणाऱ्याची फार पंचाईत होते, बाळांनो. चांगले चांगले गुण आधीच्यांनी वाटून घेतलेले असतात. गुरुजींना नवीन काहीतरी हवं होतं.

"शेठची शेवटची इच्छा," गुरुजी गहिवरून म्हणाले, "त्यांनी माझ्या कानात सांगितली. म्हणाले, गुरुजी, ते झऱ्याचं कुंपण काढून टाका. पाणी सर्वांचं आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ससे कुंपणाकडं धावले.

शेठना मोठा पेच पडला. गप्प राहावं तर झरा जातो. बोलावं तर नाव जातं. पण व्यापारी तो व्यापारी. जाळीतून ते बाणासारखे बाहेर आले.

"खबरदार! एका काट्याला हात लावाल तर! माझं कुंपण आहे ते! उठा, व्हा चालते!"

मग कोल्ह्यानं त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"हा कोण हलकट?"

"मी टोकाजी! मेलो नाही मी!"

"शेठ असं बोलतील?" ससा खवळला. "आत्ताच ऐकलंत ना, किती उदार होते! हा कुणीतरी तोतया आहे. झरा लाटायला आलाय."

"शोभतं का हो," गुरुजी म्हणाले, "गेलेल्याची अशी बदनामी करणं?"

"अगं, सांग ना यांना!" शेठ बायकोकडं वळले.

सभा माईंकडं पाहू लागली. माईंनी शेठकडं पाहिलं. मग पाटाकडं, मग खोडावरच्या 'श्रीमती'कडं. कुंपण गेलं तरी झऱ्याची वाट दुकानावरूनच होती, एवढा हिशेब त्यांनी तेवढ्यात केला.

पदर डोळ्यांना लावून त्या म्हणाल्या,

"आमचे हे असे नव्हते."

मग ससेसुद्धा शेठच्या मागं लागले. सशांनी कुणाचा पाठलाग केल्याची त्या जंगलातली ही पहिलीच वेळ.

शेठ हल्ली डोंगरापलीकडं राहतात. उन्हाळ्यात कधीतरी झऱ्यावर येतात, मोकळं पाणी पोटभर पितात. जाताना अर्जुनापाशी थांबून खोडावरचा मजकूर वाचतात. वाचून झालं की तेही हात जोडतात.

"गेला बिचारा," ते म्हणतात. "फार मोठ्या मनाचा होता."

तात्पर्य: गुप्तदान श्रेष्ठ असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. दान खुशाल चारचौघांत करावं. गुप्त व्हावं ते दात्यानं.