नानांचा काळा-पांढरा फोटो

उजाडत नाही तोच साक्रीहून कुंदाआत्याचा फोन आला. "माय व, मना भाऊ गया!"

नूतन दचकून उठून बसली. तिच्या वडिलांना, आबांना जाऊन चार-पाच महिने होत आले होते. आत्याला आज नव्याने काय आठवलं, तिला कळेना. ती काही बोलायच्या आत फोन बंद. लगेच दुसरा आला, मग तिसरा. त्यानंतरच्या माणसाने हळू आवाजात विचारलं, "किती वाजता काढणार आहेत?" तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्यांना काढायचं होतं ते तिचे नरडाण्याचे काका, हिलालनाना, मागच्या अंगणात नळावर जोरजोरात गुळण्या करत होते.

नूतन जळगावला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. आबा गेल्यावर तिने घरातले सगळे फोटो चाळले. एकातही आबा हसत नव्हते. फोटो म्हटलं की त्यांचा चेहरा परीक्षेला बसायचा. एरवी ते हसायचे तेव्हा आधी खांदे हलायचे, मग डोळे मिटायचे, आवाज सगळ्यात शेवटी यायचा. तसं हसणारं माणूस आता एकच उरलं होतं, आबांचा नरडाण्याचा धाकटा भाऊ. म्हणून तिने हितेंद्र सरांचा 'रोज एक फोटो' हा फोनवरचा वर्ग लावला आणि सुट्टी मिळाली की नरडाण्याची गाडी धरू लागली. पण नाना कुणाचे भाऊ? फोन समोर आला की तेही भिंतीसारखे ताठ.

या आठवड्याचा पाठ होता : चेहरा, मागे साधी भिंत, फोटो काळा-पांढरा. "स्टेटसला ठेवा," सर म्हणाले होते, "पण खाली काही लिहू नका. फोटोलाच बोलू द्या."

फोटो बोलला. टोपी घातलेले, गंभीर, काळे-पांढरे नाना रात्रीतून साऱ्या नातलगांनी पाहिले आणि समजायचं ते समजले. कुणीतरी तर त्याला फुलं चिकटवून पुढेही पाठवला.

नूतनने स्टेटस काढून टाकलं. नानांना सांगायची हिंमत होईना, म्हणून माजघरात बसून ती एकेक फोन घेत राहिली. "नाना चांगले आहेत हो, अगदी चांगले!"

"हो बेटा," कापसाचे व्यापारी रतिलालशेठ गहिवरून म्हणाले, "आता चांगल्याच ठिकाणी असतील."

ऊन अंगणात उतरलं, तशी गल्लीच्या तोंडाशी काळीपिवळी जीप थांबली. नूतन धावली, पण कुंदाआत्या मोठ्याने रडत दारात पोचलीही होती. नाना पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाले.

"कोन गयं व, कुंदा?"

आत्याचा हुंदका अर्ध्यातच अडकला. तिने भावाला टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "तू जित्ता शे?"

"शे ना. आजून चहा बी व्हयना नही."

"मेल्या! साक्रीथाईन रडत उनू मी! जीपमा बठ्ठा लोके रडनात, वळख ना पाळख!" पिशवीतला हार काढून तिने रागाने त्यांच्यावर फेकला. तो बरोबर नानांच्या गळ्यात पडला.

नानांचे खांदे हलले. डोळे मिटले. मग आवाज आला.

नूतनचा हात फोनकडे गेला. सांत्वनाच्या भाराने त्याने केव्हाच मान टाकली होती. ती नुसती बघत राहिली.

"मोठा भाऊ बी असाच हसे," आत्या पदराने तोंड पुसत म्हणाली. या वेळी ती आवाज न करता रडली.

नानांनी डोळे उघडले. "फोटू काढा का व, पोरी?"

"नाही नाना. फोन बंद आहे."

बाहेर आणखी एक गाडी थांबली. दोंडाईचाच्या मंडळींनी गल्लीतूनच सूर लावला.

"जाय, सांग त्यासले," आत्या म्हणाली. "आठे कोनी मरेल नही."

चूक नूतनची होती. सांगायला तिनेच जायला हवं होतं. ती दारापर्यंत गेली, आणि नानांचा चेहरा आपल्याला नीट दिसेल अशी बाजूला सरकून उभी राहिली.

"येऊ द्या आत्या," ती म्हणाली. "त्यांना तसंच आत येऊ द्या."