येथे रस्ता नाही

जाहिरातीत पाच मिनिटांवर असलेले घर प्रत्यक्षात पाच मिनिटांवर नसते, ही गोष्ट शहरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. प्रशासनाला ती तक्रारींमधून कळली. तक्रारींचे गठ्ठे ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा प्रशासनाने जागेचा प्रश्न गांभीर्याने घेतला आणि सामीप्य प्रमाणन विभाग स्थापन केला. यापुढे कोणते घर कामाच्या ठिकाणांपासून जवळ आणि कोणते दूर, हे भाडेकरूचे पाय ठरवणार नव्हते. विभाग ठरवणार होता.

अंतर प्रत्यक्ष चालून मोजायचे होते. सुरुवातीला हे काम एका शिपायाकडे दिले गेले. तो तरुणपणी शर्यतीत धावलेला असल्यामुळे अर्धे शहर जवळ निघाले. मग तज्ज्ञांची समिती बसली आणि तिने प्रमाणित चालीची व्याख्या केली: ‘मध्यम बांध्याच्या, एका हातात पिशवी असलेल्या आणि घरून बोलणी न खाता निघालेल्या इसमाची चाल.’ या व्याख्येत बसणारा इसम शोधण्यात बराच काळ गेला. शेवटी जो सापडला त्याला ‘सामीप्य निरीक्षक (पायी)’ हे पद मिळाले. लोक त्याला मिनिटराव म्हणू लागले.

मिनिटराव प्रामाणिक होता. एका बिल्डरने त्याला भारी बूट देऊ केले, तेव्हा त्याने ते परत केले. बूट चांगले असले की घर जवळ येते, हे त्याला अनुभवाने माहीत होते.

त्याच्या प्रामाणिकपणाचा परिणाम लगेच दिसू लागला. ज्या घराला जवळचा दाखला मिळे, त्याचे भाडे त्याच संध्याकाळी वाढे. भाडे वाढले की तिथे राहून जवळच कामाला जाणारा माणूस लांब राहायला जाई. विभागाने याचा अभ्यास केला आणि अहवाल दिला: जवळची घरे वाढली आहेत, त्यांत राहणारे घटले आहेत, याचा अर्थ जवळची घरे मुबलक उपलब्ध आहेत. अहवाल लिहिणारे उपसंचालक गाडीने येत-जात. त्यांना शहरातली सगळी ठिकाणे साधारण सारख्याच अंतरावर वाटत.

खुद्द मिनिटराव राहत होता तिथे शेवटच्या थांब्यावरून बस मागे वळते आणि माणसे पुढे चालू लागतात. जायला दोन तास, यायला दोन तास. त्याची मुलगी झोपेत असताना तो निघे आणि ती झोपल्यावर परते.

एका रविवारी तो अंथरुणातच असताना बाहेरून आवाज आला, “आई, रविवारचे काका उठले वाटतं.”

“अगं, बाबा आहेत ते तुझे.”

“मग बाकीच्या दिवशी कोणाचे असतात?”

बायकोने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. “अहो, सगळ्या शहराची घरं जवळ आणलीत. आपलं तेवढं एक राहिलंय.”

प्रयत्न त्याने केला नव्हता असे नाही. एकदा मोजणीला निघताना त्याने एका घराचे भाडे सहज विचारले. परवडण्यासारखे होते. तो मनाशी संसार मांडत कचेरीपर्यंत चालत गेला. चार मिनिटे लागली. त्याने तसा दाखला लिहिला आणि घरमालकाला फोन केला.

“चार?” घरमालक म्हणाला. “अहो, मग ते भाडं कसं परवडेल मला?”

अशा रीतीने जवळ आणि परवडणारे, असे एकच घर त्याला आयुष्यात लाभले. ते चार मिनिटे टिकले.

विभागात सकाळी चहा घेऊन एक बाई येत. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्या राहत होत्या कचेरीच्या मागच्या भिंतीपलीकडे, गोदामामागच्या गल्लीत. ती गल्ली विभागाच्या दप्तरी ‘दूर’ होती. मिनिटरावानेच ती पूर्वी मोजली होती. गोदामाला वळसा घालून, कालव्यावरचा पूल ओलांडून जावे लागे. पाऊण तास.

रविवारच्या त्या प्रसंगानंतर सोमवारी मिनिटरावाने चहाचा घोट घेतला आणि त्याची जीभ भाजली. ती रोजच भाजत होती. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याने तिचा कामाच्या दृष्टीने विचार केला.

“मावशी, चहा करता कुठे तुम्ही?”

“घरी. आणखी कुठे, तुमच्या कपाटात?”

“घर पाऊण तासावर आहे.”

“लांब आहे हो फार. पाय मोडतात.”

“मग चहा गरम कसा?”

मावशींनी इकडेतिकडे पाहिले. “आलं जास्त घालते.”

“आल्याने चव येते, मावशी. वाफ नाही येत.”

मावशींनी किटली खाली ठेवली. “साहेब म्हणून विचारताय, की गरजू म्हणून?”

“मुलगी मला काका म्हणते,” मिनिटराव म्हणाला.

त्या निघाल्या. हा मागे मागे गेला. कचेरीच्या पाठीमागे, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगापलीकडे, भिंतीवर एक मोठी पत्र्याची पाटी होती: ‘येथे रस्ता नाही. आज्ञेवरून.’ ती एकाच खिळ्यावर लटकत होती. मावशींनी ती बोटाने बाजूला केली. मागे भगदाड होते, भगदाडापलीकडे गल्ली होती, आणि गल्लीत एक टेलर मशीनवर बसला होता. कचेरीच्या बाजूने आलेला साहेब दिसताच त्याने मशीन सोडले, छातीवर हात ठेवला आणि तो धापा टाकू लागला. “दमलो बाबा चालून!”

“राहू दे रे,” मावशी म्हणाल्या. “भाडेकरू आहे.”

टेलरची धाप जागेवर थांबली.

मावशींच्या घरात वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. खालच्या खोलीत काचेच्या चौकटीत एक कागद टांगला होता. मिनिटरावाने स्वतःची सही ओळखली.

“तुमच्याच दाखल्यावर जगतोय आम्ही,” मावशी म्हणाल्या. “लांबची गल्ली म्हणून घरपट्टी कमी, म्हणून भाडं कमी. खोल्या देते, पण अट आहे. पाहुण्यांना मोठ्या रस्त्यानेच आणायचं. आणि आल्याबरोबर ‘किती लांब राहता’ असं ते म्हणाले, की नाही म्हणायचं नाही.”

मिनिटराव कुटुंबासह गल्लीत राहायला आला. पहिल्या दिवशी तो दुपारी जेवायला घरी गेला, तेव्हा मुलीने दारातच विचारले, “आज रविवार आहे?” दुसऱ्या दिवशीही विचारले. मग विचारणे सोडले. आठवडा संपता संपता ती जिन्यावरून ओरडली, “आई, बाबा आले, भात वाढ.” मिनिटराव पाचव्या पायरीवर थांबला आणि उगाच बुटाची नाडी बांधू लागला. त्या बुटांना नाडी नव्हती.

पुढच्या महिन्यात मेव्हणा भेटायला आला. बायकोचा धाकटा भाऊ, धंद्याने इस्टेट एजंट. त्याला नियमाप्रमाणे गोदामाला वळसा घालून, पुलावरून आणण्यात आले.

“काय हो दाजी, केवढ्या लांब आणून टाकलंत माझ्या बहिणीला!” तो घाम पुसत म्हणाला.

“लांब आहे खरं,” मिनिटरावाने अट पाळली.

“मामा, बाबा तर दुपारी जेवायला येतात,” मुलगी म्हणाली. “ती पाटी आहे ना, ती अशी ढकलून.”

बायकोने तिच्या तोंडात लाडू कोंबला, पण उशीर झाला होता. मेव्हण्याचा घाम एकदम वाळला. जाताना तो मोठ्या रस्त्याने गेला नाही.

चार दिवसांत गोदामामागच्या गल्लीचे अंतर नव्याने मोजावे, असा अर्ज विभागात आला. खाली मेव्हण्याची सही होती आणि ‘व्यापक जनहितार्थ’ असा शेरा होता.

“दाजी, तुमच्या भल्यासाठीच केलं,” मेव्हणा फोनवर म्हणाला. “एकदा जवळचा दाखला द्या, गल्लीचं सोनं होतं की नाही बघा.”

“आणि आम्ही?”

“तुम्हाला काय चिंता? तुम्हाला लांब एक मस्त जागा बघून देतो.”

मोजणी अर्थात मिनिटरावाकडेच आली. नियम स्पष्ट होता: अंतर अधिकृत रस्त्यानेच मोजावे. भिंतीजवळ रस्ता नाही, असे खुद्द प्रशासनाने पत्र्यावर लिहून ठेवले होते. तो पिशवी घेऊन, बोलणी न खाता, पुलावरून चालत गेला. पाऊण तास. दाखल्यावर पहिल्यांदा खोटे लिहायची वेळ आली होती आणि नियमांनी ती टाळली, याचे त्याला फार समाधान वाटले. टेलरने त्याला फुकट पिशवी शिवून दिली.

मेव्हण्याने अपील केले. उपसंचालकांनी मिनिटरावाला बोलावले.

“तुम्ही दुपारी घरी जेवता?”

“हो साहेब.”

“सुट्टी अर्धा तास. जायलाच पाऊण तास. म्हणजे तुम्ही घरी पोचण्यापूर्वीच जेवून परत येता.”

उपसंचालकांनी दाखला आणि हजेरीपत्रक शेजारी शेजारी ठेवले.

“हे पाहा, दोनच शक्यता आहेत. घर जवळ असेल तर तुमचा दाखला खोटा. घर दूर असेल तर तुमची हजेरी खोटी. यातलं कुठलं खोटं धरू, तेवढं सांगा. विभागाची कशालाच हरकत नाही.”

दाखला खोटा ठरला तर नोकरी जाणार होती. गल्ली जवळ ठरणार होती. मावशी, टेलर आणि साऱ्या गल्लीला सामान बांधावे लागणार होते, आणि एक मुलगी पुन्हा रविवारची वाट पाहणार होती.

“घर दूर आहे, साहेब,” तो म्हणाला. “हजेरीत चूक झाली.”

“शाब्बास,” उपसंचालक म्हणाले. “मग आता दूर राहा.”

खातरजमा म्हणून पुलावर एक खुर्ची, एक छत्री आणि एक कारकून अशी चौकी बसवण्यात आली. जाता-येता तिथे तोंड दाखवायचे होते. मिनिटराव सकाळी पाऊण तास आधी निघू लागला. दुपारचे जेवण बंद झाले. एकट्या त्याच्यावर संशय नको, म्हणून सारी गल्ली पुलावरून ये-जा करू लागली. चहा थंडगार येऊ लागला. उपसंचालकांनी पहिला घोट घेऊन तोंड वाकडे केले आणि समाधानाने मान हलवली. गल्ली लांब असल्याचा यापेक्षा सबळ पुरावा विभागाला आजवर मिळाला नव्हता.

“मावशी, माझ्यामुळे तुमचा धंदा बुडेल,” मिनिटराव म्हणाला.

“चहा थंड झाला तर चालेल,” मावशी म्हणाल्या. “भाडं गरम व्हायला नको.”

सगळे सुरळीत झाले असते. पण पुलावरची वर्दळ अचानक वाढल्याचे चौकीवरच्या कारकुनाने प्रामाणिकपणे कळवले. वाढत्या वर्दळीची तातडीने दखल घेऊन पूल रुंदीकरणासाठी बंद करण्यात आला. पर्यायी अधिकृत मार्ग जाहीर झाला. तो बसने शहराच्या टोकापर्यंत जाऊन, शेवटच्या थांब्यावर वळून, कालव्याच्या पलीकडच्या काठाने परत येई. जायला दोन तास, यायला दोन तास. चौकीची खुर्ची शेवटच्या थांब्यावर हलवण्यात आली. तिथून मिनिटरावाला त्याचे जुने घर दिसे. तिथे राहणाऱ्या नव्या भाडेकरूला तो जाताना हात करी.

मुलगी आता पुन्हा झोपेत असताना तो निघतो आणि ती झोपल्यावर परततो. फरक एवढाच, की त्याच्या टेबलामागच्या खिडकीतून भिंतीपलीकडच्या त्याच्या घराची गॅलरी दिसते. दुपारी ती तिथे उभी राहते. तो हात हलवतो. तीही हलवते. परवा तिने आईला हाक मारली, ती त्याला स्वच्छ ऐकू आली, इतके ते घर जवळ आहे.

“आई, बघ ना! खिडकीतले काका!”

पाटी अजून एकाच खिळ्यावर आहे. बोटाने ढकलली तर बाजूला होईल. पण ढकलणारे कोणी उरले नाही, कारण कोण ढकलते आहे हे पाहायला मेव्हणा रोज येऊन बसतो.

मिनिटरावाबद्दल तुम्हाला वाईट वाटले, यात शंका नाही. मावशींकडे चौकशीला येणाऱ्या सर्वांनाच वाटते. ते आधी हळहळतात, बाप-लेकीचे ऐकून डोळे पुसतात, आणि मग जरा थांबून, तुम्ही आत्ता मनात जे विचारलेत तेच विचारतात: ही गल्ली नेमकी कुठे आहे हो, आणि हे लोक खोल्या कधी सोडताहेत?

मावशींनी काल भाडे वाढवले.