बर्लिन बचावाची बारा मिनिटं

बर्लिनमध्ये राहून बुद्धिबळात माझ्याइतका पक्का बर्लिन बचाव खेळणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही! समोरच्यानं स्पॅनिश सुरुवात केली रे केली, की आठव्या खेळीपर्यंत दोघांचेही वजीर पटाबाहेर! मग मला मात देणार कोण? पटाकडे बघायचीही गरज नाही. मी आपला उठून फेऱ्या मारतो. एका जागी बसणं मला जमतच नाही.

त्या रविवारी क्लबांच्या स्पर्धेतला शेवटचा सामना होता. आमचा कप्तान नॉर्बर्ट म्हणाला, "देटलेफ, तू आणि आपली रोसविथा, दोघांनी आपापला डाव बरोबरीत सोडवला तरी आपण या गटात टिकतो. नाहीतर गेलो खाली! मेहेरबानी कर, खुर्चीत बस!"

"अरे, डोळे मिटून बरोबरी करतो!"

माझ्या घड्याळात बारा मिनिटं उरली होती. खेळी केली, घड्याळ दाबलं आणि चीजकेक किती उरलाय ते बघून आलो. परत बसलो, तर समोरचा डोकं हातात धरून विचारात बुडालेला. वजीर गायब, राजे मधोमध. बरा सापडलाय, म्हणून मी त्याच्यावर नजर रोखली. माझा पाय तेवढा टेबलाखाली हलत होता.

इतक्यात रोसविथा केकची बशी घेऊन मागे आली आणि खाकरली. तिला बर्लिन मीच शिकवलेला. गुरूचा खेळ बघायला आली असेल बिचारी! ती पुन्हा खाकरली.

"शू!" मी म्हणालो.

पलीकडे नॉर्बर्ट लालबुंद होऊन डोळे वटारत होता. डाव चालू असताना खेळाडूला अवाक्षर सांगायचं नाही, हा आमच्याकडे कडक नियम. घड्याळाबद्दल तर मुळीच नाही. मी त्याला डोळा मारला.

अखेर समोरच्या म्हाताऱ्यानं मान वर केली. "माफ करा, इथे मघाशी एक बाई खेळत होत्या ना?"

मी गर्रकन वळून पाहिलं. दोन टेबलं पलीकडे माझा खरा प्रतिस्पर्धी हात मिळवायला तयार बसला होता. माझी वेळ संपली होती!

"आता बोलू का?" नॉर्बर्टनं पंचांना विचारलं आणि मला बाहेर नेऊन जे काही बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता रोसविथाला बरोबरी चालणार नव्हती, जिंकायलाच हवं होतं. मला अक्षरशः रडू फुटायचं बाकी होतं. आणि म्हाताऱ्यानं घोडा फुकट घालवला! रोसविथा जिंकली, आम्ही टिकलो!

"त्या गृहस्थांनी असं रोखून पाहिलं, की माझं डोकंच चालेना," म्हातारा कुरकुरला.

मी लगेच छाती पुढे काढली. "म्हणजे मीच वाचवलं की!"

"हो ना," रोसविथा म्हणाली. "पुढच्या वर्षीही माझ्याच खुर्चीत बस. तुझ्या खुर्चीत आपण कुंडी ठेवू. तीही वेळ संपूनच हरेल, पण जागा तरी सोडणार नाही!"