न फिरणाऱ्या खुर्चीवरचं हेलिकॉप्टर

सलूनला सुट्टी देऊन सलूनवाला सकाळपासून रिमोटच्या हेलिकॉप्टरमागे लागला होता. बायकोने निर्वाणीचं सांगितलं होतं, "आज ते माझ्यासमोर हवेत सरळ उभं राहिलं तर ठीक. नाहीतर विकून टाका ते खूळ!"

खूळच ते! जोर वाढवला की वर उठायचं आणि भिंगरीसारखं गरगरायचं.

"सोपंय दाजी," मेव्हणा म्हणाला. त्याला जगातलं सगळंच सोपं होतं. "वरचा पंखा एकीकडे फिरतो, म्हणून अंग दुसरीकडे फिरतं. त्याला शेपटीचा पंखा आवरतो. वरचा जोर वाढला की शेपटीचाही तेवढाच वाढायला हवा. रिमोटवर तेवढा आकडा लावायचा."

"पण तेवढा म्हणजे केवढा?"

"बांधा तुमच्या फिरत्या खुर्चीला. खुर्ची फिरली नाही की आकडा बरोबर!"

बांधलं. पंखा सुरू होताच कोपऱ्यातले कापलेले केस उडून मेव्हण्याच्या तोंडात गेले, पण खुर्ची तसूभर हलली नाही.

"थू थू... जमलं दाजी!"

मागच्या मोकळ्या जागेत नेलं, तर गर्रकन डावीकडे! आत आणून आकडा वाढवला. खुर्ची ढिम्म. बाहेर नेलं, तर उजवीकडे गिरक्या! मधला आकडा लावला. आत ढिम्म, बाहेर पुन्हा डावीकडे.

"अरे, हे घरात साधू आणि बाहेर भूत कसं?"

"बाहेरची हवाच वाकडी आहे."

"मग आतली सरळ कशी?"

"आतली तुमच्या ओळखीची!"

आता सलूनवाल्याचंच डोकं गरगरायला लागलं. तेवढ्यात बायको आली.

"काय, शोधू याला गिऱ्हाईक?"

"थांब गं! हे बघ, आहे की नाही सरळ?" त्याने काकुळतीला येऊन पुन्हा पंखा सुरू केला. बायको मात्र खाली बघत होती.

"अहो, तुमचा पाय कुठाय?"

पाय खुर्चीच्या खटक्यावर होता. तो दाबला की खुर्ची जागच्या जागी घट्ट. वस्तरा हातात घेताना खटका दाबायची जन्माची सवय. आज हातात रिमोट आहे, हे पायाला कोण सांगणार?

पाय काढला, पंखा सुरू केला, तर पाय पुन्हा तिथेच. मेव्हण्याने तो पाय धरून ठेवला, तर दुसरा गेला.

"सरका!" बायकोने रिमोट ओढून घेतला. खुर्ची फिरली. तिने आकडा थोडा थोडा बदलला आणि खुर्ची थांबली. मग बाहेर नेऊन तिने हळूच जोर वाढवला. हेलिकॉप्टर वर उठलं आणि खुंटीला टांगल्यासारखं नाकासमोर सरळ उभं राहिलं.

सलूनवाल्याला रडूच यायचं बाकी होतं. "आता नाही ना गं विकायचं?"

"छे! कशाला विकायचं?"

"मग दे इकडे रिमोट."

बायकोने हेलिकॉप्टरवरची नजर काढली नाही. "तुम्ही जा, दुकान उघडा."